‘योग्य वेळ’ म्हणजे किती वेळ?

‘योग्य’ हा शब्द दिसला की माझा हात आपोआप लाल पेनाकडे जातो. लग्नपत्रिकेतला ‘सुयोग्य वर’सुद्धा मला खटकतो. घरचे म्हणतात स्वभाव बिघडलाय. स्वभाव नाही, हा माझ्या धंद्याचा परिणाम आहे.

मी पेटंट एजंट. त्याआधी लातूरला एका इंजिनिअरिंग कॉलेजात इलेक्ट्रॉनिक्स शिकवत होते. यजमानांची बदली नांदेडला झाली तेव्हा नोकरी सोडली, पेटंट एजंटची परीक्षा दिली आणि घराच्या पुढच्या खोलीत टेबल मांडलं. दारावर पाटी लावली, ‘पेटंट अर्ज व क्लेम लिहून मिळतील’. पहिल्या पावसाळ्यात जेवढे लोक आले ते सगळे सोयाबीनच्या पीकविम्याची कागदपत्रं घेऊन आले. आमच्याकडे क्लेम म्हटलं की दुसरं काही आठवतच नाही. शेवटी पाटीवरचा क्लेम खोडला आणि तेव्हापासून तो शब्द प्रत्येकाला नव्याने समजावते आहे.

तुम्हालाही समजावते. पेटंटच्या अर्जात एक वर्णन असतं. तुम्ही काय बनवलं, ते कसं चालतं, आकृती काय, हे सगळं त्यात सविस्तर लिहायचं. त्याच्यामागे क्लेम येतात. यातलं नेमकं कुठवर माझं, हे सांगणारं एकेक वाक्य म्हणजे क्लेम. शेताच्या खरेदीखतात चतुःसीमा असते ना, पूर्वेला अमक्याचा गट, पश्चिमेला ओढा, तसंच. वर्णनात विहिरीचं पाणी किती गोड आहे ते पानभर लिहा, पण चतुःसीमेत ‘ओढ्याच्या आसपास’ असं लिहिलं तर खरेदीखत करणारा तुम्हाला हाकलून देईल. पेटंट कार्यालयातला तपासनीस हाकलत नाही. तो अहवाल पाठवतो. त्यात लिहिलेलं असतं, क्लेम अस्पष्ट आहे.

सर्किटच्या बाबतीत तर दुखणं दुप्पट. नांगराचा फाळ नवा असेल तर तो डोळ्यांना दिसतो. सर्किटमधले सुटे भाग सगळ्या जगात तेच, रोहित्र, कपॅसिटर, चिप. नवेपण असतं ते कुठला भाग कुणाला जोडला आणि कशानंतर काय घडतं, यात. म्हणजे सगळा जीव ‘तेव्हा’, ‘त्यानुसार’, ‘तोपर्यंत’ असल्या बारक्या शब्दांत. आणि नेमके तेच शब्द लिहायला लोकांना कंटाळा. अर्ज इंग्रजीत जातो, पण भांडणं मराठीतच होतात, म्हणून इथे मी मराठी शब्दच वापरते.

कॉलेजातल्या प्राध्यापकांनी मला सगळ्यात जास्त छळलं. त्यांना बढतीसाठी पेटंट लागतं. एक गृहस्थ लातूरहून आले होते, इस्त्रीचा शर्ट, कपाळावर गंध. त्यांच्या क्लेममध्ये लिहिलं होतं, ‘कोणताही योग्य सेन्सर, कोणतीही योग्य चिप आणि इतर आवश्यक भाग वापरून शेतीची कामे जलद करणारे सर्किट इत्यादी’.

मी विचारलं, “सर, हे इत्यादी म्हणजे काय?”

“मॅडम, उद्या काही सुचलं तर तेही त्यात यावं ना.”

“आणि जलद म्हणजे कशापेक्षा जलद?”

“आत्ता जेवढं होतं त्यापेक्षा.”

“कुठली कामं?”

त्यांनी माझ्याकडे जरा कीव आल्यासारखं पाहिलं. “ते मोघम ठेवलंय मुद्दाम. मोघम ठेवलं की सगळं आपलं होतं.”

या एका समजुतीपायी माझे केस पिकले. मोघम ठेवलं की सगळं आपलं होत नाही. मोघम लिहिलेल्या क्लेममध्ये जगात आधीच असलेल्या शंभर वस्तू येऊन बसतात, आणि मग तपासनीस म्हणतो, हे तर जुनंच आहे. ते सर ऐकून घेऊन दुसऱ्या एजंटकडे गेले. मला आनंदच झाला.

पण मन्मथअप्पांच्या वेळी आनंद मानून सुटता आलं नाही.

मन्मथअप्पा लातूरजवळच्या मुरुडचे. तिथे त्यांचा जळालेल्या मोटारींची वायंडिंग भरण्याचा आणि स्टार्टरचे डबे बनवण्याचा कारखाना. कारखाना म्हणजे पत्र्याची लांब शेड, आत चार टेबलं. अंगात पांढरा नेहरू शर्ट, कपाळावर भस्माच्या तीन रेघा, गळ्यात इष्टलिंगाचं शिवदारं, आणि आवाज असा की पुढच्या खोलीत बोलले तर मागच्या खोलीत सासूबाई जाग्या व्हायच्या. ते आले तेव्हा हातात तपासणीचा अहवाल होता. अर्ज आधीच दाखल झालेला होता. तो त्यांच्या जावयाने लिहिला होता, सचिनने, जो पुण्यात संगणकाच्या कंपनीत होता.

“शरणार्थ, मॅडम. हे बघा काय लिवलंय त्यांनी. अस्पष्ट म्हणे! आमचं यंत्र चालून राहिलं, मोटार वाचून राहिली, अन् ह्यांना अस्पष्ट?”

यंत्र खरोखर चांगलं होतं. आमच्याकडे बोअरला पाणी कमी. मोटार चालता चालता बोअर कोरडी पडते, आणि पाणी नसताना मोटार फिरत राहिली की जळते. कोरडं ओळखून मोटार बंद करणारे डबे बाजारात पूर्वीपासून आहेत. प्रश्न नंतरचा असतो. बंद केलेली मोटार परत कधी सुरू करायची? जुन्या डब्यांत ठरावीक वेळ लावलेली असते. तेवढ्यात पाणी साचलं नसेल तर मोटार पुन्हा कोरडी फिरते. साचून कितीतरी वेळ झाला असेल तर, शेताला लाईट ठरावीक तासच असल्यामुळे, तेवढी लाईट वाया जाते. अप्पांच्या डब्यात ती वेळ बोअर पाहून आपोआप बदलायची. खरं नवेपण ते, आणि तेवढंच.

आणि क्लेममध्ये काय लिहिलं होतं? ‘योग्य वेळेनंतर मोटार पुन्हा सुरू करणारे सर्किट’.

तपासनिसाने लिहिलं होतं की योग्य वेळ म्हणजे किती ते कळत नाही, आणि साधा टायमर लावलेले डबेही त्यांच्या मते योग्य वेळेनंतरच मोटार सुरू करतात. त्याचं एक अक्षर खोटं नव्हतं.

“अप्पा,” मी म्हटलं, “योग्य म्हणजे किती?”

“योग्य म्हणजे योग्य. बोअरला पाहिजे तेवढी.”

“ती कशावरून ठरते?”

“सर्किट ठरवतं.”

“सर्किट कशावरून ठरवतं?”

“आता मॅडम,” ते खुर्चीत मागे रेलले, “तुम्ही शिकल्या-सवरलेल्या. आमच्या जावईबापूंनी विचार करूनच लिवलं आसंल की. त्यांचा शब्द काढायचा म्हंजे बरं दिसंल का?”

वर्णनात सचिनने सर्किट नीट समजावलेलं होतं, हे त्याचं श्रेय मी देते. मोजणी करणारी एक चिप होती. तिच्यामुळे वेळ बदलायची. वर्णनात असल्यामुळे ते क्लेममध्ये आणायला कायद्याची आडकाठी नव्हती. फक्त ‘योग्य’ काढून खरं ते लिहायचं होतं. तेवढंच अप्पा करू देत नव्हते. मी सुधारलेलं वाक्य पाठवलं की मुरुडहून फोन यायचा, “एवढं उघडं कशाला करता? योग्यच राहू द्या.” पुन्हा पाठवलं, पुन्हा तेच. त्याच सुमारास नांदेडात मोंढ्याजवळ, धान्यबाजारापाशी, दिगंबर नावाच्या माणसाने अगदी तसाच डबा विकायला काढला होता. अप्पा त्याला फोनवर चोर म्हणायचे. पूर्वी त्यांच्याच शेडमध्ये काम करायचा म्हणे. मुरुडची गिऱ्हाइकं आता नांदेडहून डबा मागवू लागली होती, अप्पांच्या चार टेबलांपैकी दोन रिकामी पडली होती. पेटंट मिळालं तर दिगंबरला थांबवता येणार होतं. आणि थांबवायला निघालेला माणूस मला कुंपण घालू देत नव्हता.

मी सचिनला फोन लावला. जरा चढ्या आवाजातच बोलले.

“तुम्हाला हे योग्य सुचलं कुठून?”

“मॅडम, मला नाही सुचलं,” तो म्हणाला. “मी आधी सरळ लिहिलं होतं. मामांनी बदलायला लावलं. ते म्हणाले, वेळ कशी ठरते ते क्लेममध्ये नको. मला वाटलं त्यांची काही धंद्याची गुपितं असतील. सासऱ्यांशी वाद कोण घालणार?”

म्हणजे सासरा जावयाचं नाव पुढे करत होता आणि जावई सासऱ्याचा मान ठेवत होता. मी फोन ठेवला आणि डोकं धरून बसले.

शेवटी मी अप्पांना सांगितलं, मला यंत्र चालताना बघायचंय, त्याशिवाय मी एक शब्द लिहिणार नाही. पहिला डबा जिथे चाचणीसाठी बसवला होता ते शेत चाकूरजवळ होतं, सुमनबाई नावाच्या बाईंचं. नांदेडहून मी गेले, मुरुडहून अप्पा आले.

सुमनबाईंची डाळिंबाची बाग होती, ठिबकवर. नवरा लातूरला एसटीत, शेत त्याच बघायच्या. बोअरजवळच्या खोलीत भिंतीवर डबा होता. मोटार चालू होती. थोड्या वेळाने नळातून पाण्याबरोबर हवा फसफसायला लागली आणि डब्यातला रिले, म्हणजे आतला खटका, खट् असा पडून मोटार थांबली. आम्ही झाडाखाली बसलो. सुमनबाईंनी चहा दिला. चहा संपला, गप्पा संपल्या, मी कंटाळून उठायच्या बेतात असताना मोटार आपली आपण सुरू झाली आणि पाणी आलं.

“बघितलं?” अप्पांचा चेहरा फुलला होता. “एकदम योग्य वेळ!”

मला हसावं की रडावं कळेना. तेवढ्यात सुमनबाई म्हणाल्या, “अप्पा, दिगू कसा हाय हो? लई दिवसांत आला न्हाई.”

अप्पांनी रिकामी कपबशी उचलली.

“ताई, त्यानंच तर हे काढलं,” सुमनबाई मला सांगू लागल्या. “सबंध उन्हाळा हितं बसून काढला बघा त्यानं. मोटार किती चालली, किती गप बसली, घड्याळ बघत राह्यचा. मी म्हणायची, बाबा घरी बायको-लेकरं हायत का न्हाईत? एक दिवस मला म्हणला, सुमनआक्का, मोटार जेवढी कमी चालती ना तेवढं बोअरला जास्त थांबू द्यायचं, अन् जास्त चालली तर कमी थांबू द्यायचं. लई खूश झाला होता त्या दिवशी. हितूनच अप्पांना फोन लावला होता.”

हेच ते. मी दोन महिने अप्पांच्या तोंडून जे वाक्य मागत होते ते चाकूरच्या डाळिंबात बसून ऐकलं. मी अप्पांकडे पाहिलं. ते कपबशीतल्या चहाच्या थेंबाकडे बघत होते.

परत निघताना गाडीजवळ मी विचारलं, “अप्पा, अर्जात संशोधक म्हणून कुणाचं नाव आहे?”

“माझं.”

“फक्त तुमचं?”

“सर्किट मी केलं, मॅडम. ती चिप मी जोडली. मोटार चालताना मोजणी पुढं जाती, थांबल्यावर राहिलेली मोजणी सावकाश भरती, भरली की मोटार चालू. हे माझ्या डोक्यातनं आलंय. दिगूला चिप कळती का?”

“नाही कळत. पण कशावरून वेळ ठरवायची ते त्याला कळलं. तुम्ही ते सर्किटमध्ये आणलंत. दोघांचं आहे हे.”

अप्पा गाडीच्या टपावर हात ठेवून उभे राहिले. मग हळू आवाजात, त्यांच्या मानाने हळू, म्हणाले, “वर्णनातलं सर्किट त्याला कळलं नसतं, पर एका ओळीत तसं स्पष्ट लिवलं आसतं तर त्यानं वाचलं आसतं अन् म्हणला आसता, हे माझंय. म्हणून योग्य लिवा म्हणलं जावयाला.”

“मग वाचलं का त्याने?”

“अर्जावर एकट्या माझं नाव तेवढं वाचलं. दुसऱ्या दिवशी कामावर आला न्हाई.”

इतकी वर्षं मी या मोघम शब्दांवर चिडत होते ते आळशीपणा समजून किंवा हाव समजून. शरमेपोटीही माणूस ‘योग्य’ लिहितो, हे मला त्या दिवशी कळलं. पण कळलं म्हणून चीड कमी झाली नाही, उलट वाढली. मी त्यांना स्पष्ट सांगितलं. ज्याला सुचलं त्याचं नाव द्यावंच लागतं. दिगंबरने उद्या हरकत घेतली तर अर्ज आडवा होईल, आणि नाही घेतली तरी मला माहीत असताना मी असा अर्ज पुढे चालवणार नाही. त्याचं नाव घाला, त्याला अर्जात बरोबरीचा करा, त्याची सही आणा.

“चोराची सही?”

“चोर कोण ते मला विचारू नका, अप्पा. मला राग आलाय.”

ते गेले. आठवडाभर फोन नाही. मग सचिनचा आला, “मॅडम, मामा म्हणतात तुम्ही फक्त शब्द बदला ना, बाकीच्यात कशाला पडता?” मी म्हटलं, बाकीचंच तर त्या शब्दात भरलंय. मग अप्पांच्या मुलीचा आला. ती सचिनची बायको, तेव्हा पुण्याहून माहेरी आलेली होती. ती एवढंच म्हणाली, “मॅडम, दिगूकाकांनी मला सायकल शिकवली. बाबा रोज जेवताना त्यांना शिव्या देतात. तुम्ही सांगितलंय ते बदलू नका.” उत्तर देण्याची मुदत जवळ येत होती. आमच्या कामात मुदत टळली की अर्ज सोडून दिला असं धरतात, मग देव आला तरी उपयोग नाही. मी मुरुडला एक ओळ पाठवली, की मुदत संपायच्या आत सही आली नाही तर दुसरा एजंट बघा.

एका सकाळी अप्पा दारात उभे. आवाज नाही.

“चला मॅडम.”

“कुठे?”

“मोंढ्याजवळ. मला एकट्याला न्हाई जमायचं.”

दिगंबरचं दुकान लहान होतं. पुढे काउंटर, मागे सोल्डरिंगचं टेबल. माणूस किरकोळ, पन्नाशीचा, चष्मा दोऱ्याने गळ्यात. अप्पांना बघून तो उठला, आणि उठलो याचाच राग आल्यासारखा पुन्हा बसला. मी कोण, कशासाठी आले ते सांगितलं. पेटंटवर त्यांचंही नाव यायला हवं, त्यासाठी सही हवी, आणि त्यांनी सही करायच्या आधी वाटलं तर स्वतःचा वकील बघावा, हेही सांगितलं.

“सही देतो,” दिगंबर म्हणाला. “पर आधी तिथं काय लिवलंय ते वाचून दाखवा.”

मी जुना क्लेम वाचला. ‘योग्य वेळेनंतर’ आलं आणि त्याने टेबलावर हात आपटला.

“योग्य! म्या उन्हात बसून वेळ धरली, डोळे गेले माझे घड्याळ बघून, अन् ह्यांनी काय लिवलं, योग्य! अप्पा, निदान चोरायचं तर नीट तरी चोरायचं.”

“चोर तू!” अप्पांचा आवाज परत आला. “माझ्या शेडमधनं गेलास अन् माझंच सर्किट विकून राहिलास!”

“तुमचं सर्किट, अन् वेळ कुणाची?”

“वेळ तुझी, सर्किट माझं! तू इचारलं आसतं तर पन्नास डाव सांगितलं आसतं!”

“एक डाव तरी सांगितलं का?”

काउंटरवर आलेलं गिऱ्हाईक न बोलता निघून गेलं. मी वही उघडली. एरवी मी अशा वेळी लोकांना शांत करते, त्या दिवशी केलं नाही. त्यांच्या भांडणात मला हवे ते शब्द पडत होते.

“थांबा,” मी म्हटलं. “दिगंबरराव, वेळ कशावरून ठरते? एका वाक्यात.”

“मागल्या खेपेला मोटार किती चालली त्यावरून.”

“जास्त चालली तर?”

“कमी थांबायचं.”

“कमी चालली तर?”

“जास्त थांबायचं.”

“अप्पा, हे सर्किट कसं करतं?”

“मोटार चालू आसताना चिप मोजती. कोरडी पडली की मोटार बंद, पर मोजणी बंद न्हाई. उरलेली मोजणी सावकाश होती. भरली की चालू.”

“सावकाश म्हणजे?”

“सावकाश म्हंजे...” अप्पा थांबले. दिगंबर हसला. अप्पांनी त्याच्याकडे रागाने पाहिलं आणि म्हणाले, “मोटार चालू आसताना ज्या गतीनं मोजती त्याच्यापेक्षा कमी गतीनं. लिवा तसं.”

मी लिहिलं. वाचून दाखवलं. दिगंबर म्हणाला, “मागल्या खेपेला न्हाई, कोरडी पडायच्या आधीच्या खेपेला असं लिवा, न्हाईतर लाईट गेली म्हणून थांबली तरी त्यात यील.” अप्पा म्हणाले, “लाईट गेल्यावर मोजणी पुसती, ते मी केलंय, ते बी घाला.” दिगंबर म्हणाला, ते दुसऱ्या क्लेममध्ये घाला, पहिल्यात कशाला अडकवता? मी पेन थांबवून त्याच्याकडे पाहिलं. बरोबर होतं. दुसऱ्यात घातलं. चहा आला, गार झाला, परत आला. एकेका शब्दावरून दोघं ओरडत होते, आणि मी बऱ्याच वर्षांत पहिल्यांदा एक स्वच्छ क्लेम लिहीत होते. त्यात योग्य नव्हतं, जलद नव्हतं, इत्यादी नव्हतं.

शेवटी दिगंबरने वाक्य स्वतः हातात घेऊन वाचलं. इंग्रजी त्याला बेताचं, बोट ठेवून वाचलं. मग सही केली. अप्पा काउंटरजवळ पाठ करून उभे होते. त्यांनी माफी मागितली का, असं नंतर मला त्यांच्या मुलीने विचारलं. नाही मागितली. जाताना दरवाज्यात म्हणाले, “सुमनबाई विचारत होती तुला.” एवढंच.

मुदतीत उत्तर गेलं. तरी सुनावणी लागलीच. सुनावणी हल्ली संगणकावर होते. माझ्या पुढच्या खोलीत माझ्या एका बाजूला अप्पा, दुसऱ्या बाजूला दिगंबर. दोघांना मी दहा वेळा बजावलं होतं की साहेबांनी विचारल्याशिवाय तोंड उघडायचं नाही. अधिकारी शांत गृहस्थ, हिंदीत बोलत होते. आधी दुसरं नाव उशिरा का घातलं ते विचारलं. मी सांगितलं, संशोधकांमध्ये श्रेयाबद्दल मतभेद होता, तो मिटला. मग त्यांनी नेमका प्रश्न टाकला, “समजा एखाद्याने ठरावीक वेळेचा टायमर लावला, तर तो तुमच्या क्लेममध्ये येतो का?”

मी ‘नाही’ म्हणायला तोंड उघडलं आणि अप्पा गरजले, “आता है, साब! क्यूं नहीं आता? सब आता है!”

सगळं येतं म्हटलं की सगळं जातं. तो जुना टायमर आत आला की नवेपण संपलं.

“अप्पा, गप बसा,” दिगंबर म्हणाला. आवाज चढवून नव्हे, शेडमध्ये वर्षानुवर्षं म्हणत असावा तसं. मग संगणकाकडे वळून, “नहीं आता, साब. वो टायमर वाला हमारा नहीं. हमारा वही, जो पहले कितना चला वो देखके रुकता है.”

अधिकाऱ्यांनी मान हलवली आणि काहीतरी लिहून घेतलं. अप्पा खरोखर गप बसले. मी त्यांना ओळखते तेव्हापासून पहिल्यांदाच.

पेटंट दोघांच्या नावावर मंजूर झालं. ठरावीक टायमरवाल्यांना ते अडवू शकत नाही, म्हणून अप्पा माझ्यावर अजून नाराज आहेत, फारच थोडी जागा घेऊन दिलीत म्हणतात. घेतली तेवढी पक्की आहे, हे मी सांगून दमले. दोघं पुन्हा एकत्र मात्र आले नाहीत. अप्पा मुरुडला बनवतात, दिगंबर नांदेडात. दोन्ही डब्यांवर दोघांचं पेटंट असल्याचं छापलेलं असतं.

मंजुरीचं कळलं त्या दिवशी मी दिगंबरला फोन केला. मला वाटलं मीच पहिल्यांदा सांगतेय.

“कळलं मॅडम,” तो म्हणाला. “सकाळीच अप्पांचा फोन आलता.”

“हो? काय म्हणाले?”

“शिव्या दिल्या. तुझ्या डब्यातला रिले हलका हाय म्हणले, माझं नाव हाय त्याच्यावर, खराब करू नको.”

“मग तुम्ही काय म्हणालात?”

“काय म्हणू?” मागे सोल्डरिंगच्या टेबलावर काहीतरी खणखणलं. “रिले बदलून राहिलो.”